वाकटीच्या पोटात

५ जानेवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

पेटी हाती आली की आधी हे पत्र वाच आणि मगच बाटल्यांची झाकणं उघड. उलट केलंस तर दोन दिवस नाकाला दुसरा कुठलाही वास येणार नाही. बाटल्यांत आहे ते मांस टिकवायचं औषध. डोळ्यांपासून लांब ठेवायचं.

फोनवर मी अर्धंच सांगितलं, कारण तू फोनवर नुसता हो हो म्हणतोस आणि वहिनीने विचारलं की बारकी काय म्हणाली, तर सांगतोस, बरी आहे. म्हणून या कामाचं सगळं यापुढे कागदावर. पेटी जाईल-येईल, तिच्यासोबत पत्र जाईल-येईल.

काम असं आहे. आपल्या आखातातल्या वाकटीचं पोट मला हवं आहे. वाकटी नको, ती तू वीक. फक्त पोट. दर आठवड्याला वीस, बारा आठवडे, म्हणजे दोनशे चाळीस. काढल्याबरोबर त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर पेन्सिलने तारीख आणि माशाची लांबी लिहायची. पेनने नको, शाई औषधात विरघळते.

कशासाठी, तेही सांगते. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे हिरवे कण असतात. त्यांच्यावर जवळ्यासारखी बारीक जात जगते, या सगळ्यावर तारली, तारलीवर वाकटी आणि वाकटीवर आपण. गेली सहा वर्षं आपल्याकडच्या होड्या बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं जाळं टाकून तारलीची बोटभर पिल्लंसुद्धा उचलतात आणि मासळीच्या पिठाच्या कारखान्याला देतात. तूही देतोस, तेव्हा हा टोमणा समजू नकोस. शिडीची मधली पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायरीवरची वाकटी काय खाते, एवढंच बघायचं आहे.

आता मुख्य गोष्ट. जूनपासून आपलं आखात दोन वर्षं मासेमारीला बंद ठेवायचं की नाही, हे एक समिती ठरवणार आहे, आणि ती आमच्या मत्स्य संशोधन केंद्राच्या अहवालावर ठरवणार आहे. चार बंदरांतून पोटं येतील, पण आपल्या आखातातली फक्त तुझ्याकडून. पाठवणारा माझा सख्खा भाऊ आहे हे मी केंद्रप्रमुख मॅडमना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, निदान पेटी वेळेवर येईल. तेव्हा माझी लाज तुझ्या हाती.

वहिनीला नमस्कार. लावला आहेस तसा जीव लावून ठेव.

तुझी,
बारकी


१९ जानेवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. पत्र आधी वाचलं, झाकणं नंतर उघडली. तुझ्या वहिनीने मात्र पत्र वाचायच्या आधीच एक उघडलं होतं. तिचं नाक काल ताळ्यावर आलं.

पहिली पेटी सोबत पाठवतो. आम्ही काम वाटून घेतलं आहे. मी होडीवर पोट काढतो, चिठ्ठी बांधतो, बर्फाच्या बादलीत टाकतो. बाटलीत भरण्याचं काम घरी ही करते. माझी बोटं त्या बाटलीच्या तोंडातून जात नाहीत, आणि गेली असती तरी तिने करू दिलं नसतं. मागच्या खोलीत एक जुनं टेबल तिने या कामासाठी वेगळं काढलं आहे आणि त्यावर मला चहाचा कपसुद्धा ठेवू देत नाही. ऑफिसचं काम आहे, म्हणते.

धक्क्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष स्वतः चालत होडीपर्यंत आले. त्यांचं म्हणणं, एवढं कशाला डोकं चालवायचं, प्रत्येक पोटात दोन-दोन तारल्या कोंबून पाठव, म्हणजे वाकटी खाऊनपिऊन सुखी आहे असं बहिणीला कळेल आणि आखात उघडं राहील. आमचा मेहुणाही म्हणाला की दोन कशाला, तीन कोंबू. ते सगळे हसले, पण हसता हसता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं की ज्याच्या पोटात देवाने जे घातलं तेच जाईल. अध्यक्ष म्हणाले, देवाच्या नावावर तू आम्हाला उपाशी मारू नकोस म्हणजे झालं.

खरं सांगू का, मला काळजी वाटत नाही. वाकटी पूर्वीइतकी नाही, पण मिळते आहे. जे जगतं आहे ते काहीतरी खात असणारच. मी काही आत डोकावून बघत नाही, चिरायचं आणि टाकायचं एवढाच वेळ असतो. पण पोटं भरलेलीच निघतील अशी माझी समजूत आहे.

इथे अडतीस होड्या आहेत. त्या दोन वर्षं दोरीला बांधून ठेवायच्या, हा विचार मी करून पाहिला आणि अर्ध्यात सोडून दिला. तू तुझं काम चोख कर. भाऊ म्हणून माझ्याकडे बघू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस, एवढं मात्र भाऊ म्हणून.

आमच्या आठवणीत तू आहेस, तुझ्या आठवणीत आम्हाला असू दे.

तुझा,
दादा


२० एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आजच टपालात टाकते आहे.

अहवाल पूर्ण झाला. तू पाठवलेल्या दोनशे चाळीस पोटांपैकी दोनशे तेवीस रिकामी निघाली. अगदी रिकामी, दाणा नाही. बाकीच्या तीन बंदरांतून आलेल्या पोटांमध्ये साधारण तीनातलं एक रिकामं आहे. मासा खोलातून झपाट्याने वर ओढला की कधी कधी खाल्लेलं ओकून टाकतो, त्याची सूट मी धरली होती. ती धरूनही आकडा बदलत नाही. सतराच पोटांत काहीतरी होतं, आणि ती सगळी सातव्या आठवड्यातली. ती बाटली बहुतेक औषध कमी पडून नासली होती, आतलं काय होतं ते ओळखता आलं नाही. त्या आठवड्यात तारलीचा एखादा थवा आखातात शिरला असावा, असं मी अहवालात लिहिलं आहे.

अर्थ एकच निघतो, दादा. आपल्या आखातातली वाकटी उपाशी आहे. समितीने काल शिफारस मान्य केली. एक जूनपासून दोन वर्षं आखात बंद. नोटीस पुढच्या आठवड्यात बंदरावर लागेल.

मी आकडे तीनदा तपासले. तुझ्या पेट्या सगळ्यांत वेळेवर आणि सगळ्यांत स्वच्छ आल्या, चिठ्ठीन् चिठ्ठी वाचता येत होती. मॅडमनी मुद्दाम तसं म्हटलं. हे सांगून तुझं दुःख कमी होणार नाही, हे मला कळतं.

रागावलास तर राग, पण पत्र लिही.

तुझी,
बारकी


२७ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. राग नाही. नोटीस लागली तेव्हा मी जाळं वाळत घालत होतो. वाचून आलो आणि उरलेलं जाळं घातलं. काम हातात होतं ते बरं झालं.

बंदरावर मात्र बोलणं बदललं आहे. मी चहाला गेलो की बाकावरची माणसं गप्प होतात. एकजण गप्प बसला नाही, तो म्हणाला की याच्या बहिणीने आमच्या पोटावर पाय दिला आणि तोसुद्धा माशांची पोटं मोजून. अध्यक्षांनी मला ऐकू जाईल असं कुणाला तरी सांगितलं की तारल्या कोंबल्या असत्या तर आज ही वेळ आली नसती, पण काही लोकांना खरेपणाची खाज असते. मेहुणा तीन दिवस घरी जेवला नाही. मग जेवला, पण मान खाली घालून.

मला एकच गोष्ट राहून राहून वाटते, आणि ती तुला विचारल्याशिवाय चैन पडणार नाही. वाकटी इतकी उपाशी असेल तर ती जाळ्यात येते तेव्हा अंगाने बरी कशी असते? हडकुळी का नाही? मी शाळेत सातवीपर्यंत गेलेला माणूस, तुझ्या आकड्यांवर बोलायचा माझा अधिकार नाही. पण ती रोज माझ्या हातातून जाते. दोनशे तेवीस रिकामी, हे माझ्या हाताला पटत नाही. तुला शक्य असेल तर पुन्हा एकदा बघ. शक्य नसेल तर देवाची इच्छा, आम्ही सोसू.

तब्येतीला जप. आमचं प्रेम आखातावर अवलंबून नाही, हे ध्यानात ठेव.

तुझा,
दादा

ता. क. बारके, मी वहिनी. यांचं पत्र झाल्यावर कोपऱ्यात लिहिते आहे. बंदी आली ते नशीब, पण तुझ्या मॅडमनी पेट्या स्वच्छ म्हणून नावाजल्या हे वाचून मला खरंच बरं वाटलं. मी एकेक पोट चिमटीत धरून पिळून आतला चिखल काढायची, दोन पाण्यांनी धुवायची, कापडावर निथळत ठेवायची आणि मग बाटलीत. शिकलेल्या माणसांच्या टेबलावर घाण कशी पाठवायची? फक्त एक आठवडा मी आईकडे गेले होते तेव्हा यांनी स्वतः भरली, आणि तीच नेमकी नासली. बघ म्हणजे.


२ मे

ती. दादास आणि ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

वहिनीने कोपऱ्यात लिहिलेलं मी पाच वेळा वाचलं.

दादा, मला पोट नको होतं, पोटात काय आहे ते हवं होतं. हे मी पहिल्या पत्रात कुठेच लिहिलं नाही. पेन्सिल वापर म्हणून लिहिलं, औषध डोळ्यांपासून लांब ठेव म्हणून लिहिलं, आणि हे लिहिलं नाही, कारण हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही. वहिनी, तू पिळून टाकलास तो चिखल म्हणजे माझं सगळं काम होतं. चूक तुझी नाही. स्वच्छता शिकवणारी तूच, आणि मी तुझ्या हाताखाली वाढलेली. मला तरी कळायला हवं होतं.

सतरा पोटं भरलेली आणि ती सगळी एकाच आठवड्यातली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी त्याला तारलीचा थवा जोडून दिला. खरं कारण लिहिते, कारण तुमच्यापाशी लपवून काय करू. आपलं आखात ओरबाडलं जातंय असं माझं आधीपासूनचं मत होतं. प्रत्येक रिकामं पोट उघडलं की मला माझं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटायचं. तसं वाटायला लागलं की माणूस दुसरीकडे बघत नाही.

परवा सकाळी मॅडमच्या टेबलावर पत्र ठेवलं आणि सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातलं दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं की दोन पाण्यांनी का. मी म्हटलं, आमच्याकडे तशी पद्धत आहे. आपल्या आखाताचा भाग अहवालातून काढला आहे आणि बंदी तूर्त थांबवली आहे. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला.

आता पुन्हा साठ पोटं बघायची आहेत. या वेळी आमचा निरीक्षक येईल आणि होडीवर उभा राहील. पोटं तिथेच, त्याच्यासमोर उघडायची. वहिनी, तू रागावू नकोस, पण तुला त्या टेबलाला हात लावू द्यायचा नाही असं त्याला लेखी सांगितलेलं आहे.

हातून चुकलेल्या माणसावरही थोडी माया राहू द्या.

तुमची,
बारकी


१४ मे

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी हिला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली की कुणी नीट सांगायला काय झालं होतं, आणि आत गेली. मागच्या खोलीतलं टेबल तिने उचलून परसात ठेवलं.

बंदी थांबल्याचं कळलं आणि बंदरावर हिचा मोठा सत्कार व्हायचा तेवढा राहिला. अध्यक्षांनी साबणाच्या वड्यांचा खोका घरी पाठवला. बायका तिला रस्त्यात थांबवून सांगतात, आमच्या यांची डोकी पण एकदा दोन पाण्यांनी धुऊन दे. कालपर्यंत बाकावर जागा न देणारी माणसं मला चहा पाजतात. मला तो चहा गोड लागत नाही, पण नको म्हटलं तर गर्व वाटेल म्हणून पितो.

आता निरीक्षकाचं सांगतो. बिचारा काटकुळा माणूस, आखाताच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याचं स्वतःचं पोट रिकामं झालं. तरी वहीत लिहायचं त्याने सोडलं नाही. पोट चिरून पसरट थाळीत पसरायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याला खाली बघवेना. दोन दिवसांत साठ झाली. त्याने तुला आकडे पाठवलेच असतील, तरी मी माझे लिहितो. तेरा रिकामी. नवात जवळा. पाचात तारली. आणि तेहेतीस पोटांत वाकटीची पिल्लं.

पहिलं निघालं तेव्हा मला वाटलं की आतड्याचा तुकडा असेल. लांब, चपटं, चंदेरी, रिबिनीची घडी घालावी तसं दुमडलेलं. नखाने उलगडलं तर डोकं होतं, दात होते, डोळा होता. दुसऱ्या पोटात तशी दोन. अकराव्या-बाराव्यानंतर मी निरीक्षकाला म्हटलं की तुम्ही फक्त आकडा लिहा, नाव मी आता दर वेळी घेत नाही.

आपले वडील वाकटी चिरायचे तेव्हा पोटातून तारल्या निघायच्या, त्या आपल्या मांजराच्या वाट्याच्या. तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस. तेव्हा कधी तरी एखादं पिल्लूही निघायचं, नाही असं नाही. पण वाकटीला खायला वाकटीच उरली आहे, असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून ती हडकुळी दिसत नव्हती. माझ्या हाताला जे पटत नव्हतं ते बरोबर होतं, आणि आता वाटतं, त्यापेक्षा पोटं रिकामी असती तर बरं होतं.

मी रोज जाळं टाकण्याआधी हात जोडतो हे तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी जोडले, पण नेहमीसारखं मागता येईना. ज्या तारल्या तिच्या पोटात असायच्या त्या मी सहा वर्षं गोणीत भरून दिल्या. मग मागायचं काय?

खुशाली कळव. तुझ्या नोकरीला काही झालं का, ते स्पष्ट लिही.

तुझा,
दादा


२० मे

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

नोकरी आहे. वर्षभर कुठल्याही अहवालावर माझं नाव येणार नाही आणि फाईलवर एक शेरा आला. शेरा खरा आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

तुझे आकडे आणि निरीक्षकाचे आकडे जुळतात. मी आमच्याकडच्या तीस वर्षांपूर्वीच्या वह्या काढून पाहिल्या. तेव्हा आपल्या आखातात पंधरा वाकट्यांमागे एकीच्या पोटात पिल्लू सापडायचं. ही जात आपली पिल्लं थोडीफार खातेच, त्यात पाप काही नाही. पण दोनातल्या एकीहून जास्त, म्हणजे तिला दुसरं मिळत नाही. आणि तिची जी पिल्लं तिच्या तोंडातून सुटतात ती आपल्या बारीक आसाच्या जाळ्यातून सुटत नाहीत. दोन्हीकडून खर्च आणि भर कुठूनच नाही. किती वर्षं चालेल हे मला सांगता येत नाही. या वेळी अंदाज करायचा नाही असं ठरवलं आहे.

आता निर्णयाचं. साठ पोटांवर बंदी घालता येत नाही. एकदा अहवाल मागे घेतला की नियमाप्रमाणे नव्याने पुरं एक वर्ष दर महिन्याला पाहणी हवी. त्यामुळे समितीने बंदी रद्द केली. आखात उघडं आहे आणि निदान पुढच्या वर्षापर्यंत उघडं राहील. माझ्या एका चुकीने आधी ते बंद केलं, आणि आता त्याच चुकीमुळे कुणी आमचं ऐकायला तयार नाही.

नियमात आणखी एक कलम आहे, ते फक्त तुझ्या माहितीसाठी लिहिते. निम्म्या परवानाधारकांनी स्वतः अर्ज केला तर पाहणीशिवायही आखात दोन वर्षं बंद ठेवता येतं. अडतीस परवाने म्हणजे एकोणीस सह्या. आजवर कुठल्याही बंदराने असा अर्ज केलेला नाही. मी सुचवत नाही, दादा. माझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. मी सुचवण्यासारखं ते नाही.

वहिनीला सांग की मॅडम तिची चौकशी करत होत्या, आणि चेष्टेने नव्हे. इतक्या लांबूनही तुम्हा दोघांचाच आधार आहे, तो राहू दे.

तुझी,
बारकी


८ जून

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तू सुचवलं नाहीस, हे मी सगळ्यांना सांगितलं. कुणाला पटलं नाही.

सोसायटीच्या खोलीत बैठक झाली. मला बोलायची सवय नाही, म्हणून बोललो नाही. आदल्या दिवशीच्या सहा वाकट्या घेऊन गेलो होतो, त्या अध्यक्षांच्या टेबलावर चिरल्या. चारांत पिल्लं होती. अध्यक्ष आधी टेबलावरची वही उचलत होते, मग तेही बघायला लागले. एकाने विचारलं की बायकोने धुतली नाहीत ना. थोडे हसले, बाकीचे हसले नाहीत.

मग वाद झाला. कारखान्याला तारली आम्ही नाही दिली तर पलीकडचं बंदर देईल, असं काहींचं म्हणणं. एकाने विचारलं की दोन वर्षं मुलांना तुझी पोटं शिजवून घालू का. त्याचं चुकलं नाही, त्याला तीन मुलं आहेत. अध्यक्ष म्हणाले की मासा गेला तर देव दुसरा पाठवेल, तू तर देवभक्त आहेस. मी म्हटलं, पाठवलेला होता, तो आपण गोणीत भरला. एवढंच एक वाक्य मी बोललो असेन. सगळ्यांत म्हातारे खलाशी कोपऱ्यात होते. ते म्हणाले की माझ्या नावावर परवाना आहे आणि माझे गुडघे तसेही बंदच आहेत, आण तो अर्जाचा कागद. पहिली सही त्यांची, दुसरी माझी.

दोन आठवडे फिरलो. काही घरांत चहा मिळाला, काहींत दार लवकर मिटलं. आज अठरा सह्या आहेत. एक कमी. जे द्यायचे होते त्यांनी दिल्या, उरलेल्यांची मनं मी पाहून घेतली आहेत, तिथे काही व्हायचं नाही.

एकोणिसावा परवाना आमच्याच घरात आहे. हिच्या वडिलांची लहान होडी, परवाना हिच्या नावावर आणि चालवतो मेहुणा. माझी होडी बांधली तर मी बाहेरच्या समुद्रात गळाने मासे धरणाऱ्या मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जाईन, तसं बोलून ठेवलं आहे. त्या बोटीवर हुकूम देणारा तांडेल माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे. माझं मी बघेन. पण मेहुण्याचं सगळं घर त्या लहान होडीवर आहे. त्या घरचा मी जावई. तुमची चूल विझवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून मी हिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आहे. ती रोज तो उचलते, फळी पुसते आणि परत तिथेच ठेवते. पंधरा तारखेला अर्जाची मुदत संपते.

जे होईल ते कळवीन. तोवर असाच लोभ, भाऊ म्हणून आणि माणूस म्हणून.

तुझा,
दादा


२ ऑगस्ट

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी लिहिते आहे, कारण तुझे दादा बरोबर निम्मंच लिहितील आणि उरलेलं देवावर टाकतील.

सही मी चौदा जूनला केली. त्याआधी भावाकडे गेले होते. भावजय समोर बसली होती. मी काय सांगायला आलेय ते भावाला आधीच माहीत होतं. तो म्हणाला की परवाना तुझा आहे, मला विचारायची गरज नाही. मी म्हटलं, गरज आहे म्हणून नाही, विचारायचं म्हणून विचारते. मग त्याने मला खूप बोलून घेतलं. नवरा सांगतो तसं नाचतेस म्हणाला. बाबा असते तर तुला दारात उभं केलं नसतं म्हणाला. मी ऐकून घेतलं. भावजय उठली आणि मला पाणी देऊन म्हणाली की होडीवर सहा वर्षांत यांनी मोठी मासळी किती दिवस आणली ते विचारा. तो तिच्यावरही ओरडला. आता तो बर्फाच्या कारखान्यात जातो. माझ्याशी चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी त्याने कारखान्यातला बर्फ पाठवला. तेवढ्यावर मी सध्या समाधान मानलं आहे.

सही का केली ते तुला सांगते, यांनासुद्धा नीट सांगितलेलं नाही. यांनी थाळीत पिल्लं उलगडलेली पाहिली. मी त्याच्या कितीतरी आधी ती माझ्या चिमटीतून पिळून मोरीत टाकली होती. दोनशेच्या वर पोटं, बारके. बोटांना काहीतरी लांब लागायचं, आणि मी पाणी ओतायची. माझ्या डोळ्यांसमोरून सगळं गेलं आणि मी त्याला घाण म्हटलं. कागद फळीवरून उचलायची तेव्हा रोज तेच आठवायचं.

काल पावसाळ्याची नेहमीची बंदी उठली आणि आपल्या बंदीचा पहिला दिवस सुरू झाला. आखाताच्या तोंडाशी दोन पिवळे गोळे तरंगत ठेवले आहेत, त्याच्या आत कुणी जायचं नाही. अडतीसच्या अडतीस होड्या धक्क्याला होत्या. ज्यांनी सही केली नाही तेही येऊन उभे होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. एकजण गेला तो मात्र जाता जाता यांना म्हणाला की दोन वर्षांनी तुझ्या दारात येऊन बसणार आहे, जेवायला. हे म्हणाले, या.

सोमवारी हे मोठ्या बोटीवर जातील. पंधरा दिवसांनी एकदा घरी. पिशवी मीच भरून ठेवली आहे. काल संध्याकाळी आम्ही दोघं धक्क्यावर बसलो होतो. पाण्यात काही दिसत नव्हतं, तरी हे बघत होते. मग मला म्हणाले की दोन वर्षांनी जाळं टाकलं आणि काहीच आलं नाही, तर या सगळ्यांना काय सांगायचं.

मी म्हटलं, चुकलो म्हणून सांगायचं. बारकीने सांगितलं, मी सही करून सांगितलं, आता तुमची पाळी.

ते हसले नाहीत, पण उठले आणि जेवायला चला म्हणाले.

तू सुट्टी काढून ये. रागवायला मला इथे आता दुसरं कुणी नाही. आहेस तशीच आमची राहा.

तुझी,
वहिनी